इतकी जागा सोडा

"सगळं जग दाखवतोय मेला, आणि माझी माणसं तेवढी दाखवत नाही."

आई टीव्हीच्या इतक्या जवळ खुर्ची ओढून बसली होती की ही तक्रार तिने त्याच्या कानातच सांगितली म्हणायची. टीव्हीवर एक राखाडी चौकोन होता आणि त्याखाली एक ओळ: ही फाइल उघडता येत नाही. ओळ आईला वाचता येत नव्हती. पण राखाडी चौकोन म्हणजे नकार, हे आठवडाभरात तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"त्याला कशाला बोल लावतेस?" धाकटी पेन ड्राइव्ह उपसून घेत म्हणाली. "फाइल जुनी आहे. त्याला वाचता येत नाही."

"जुनी तर मीही आहे. माझ्यापुढे नाही कोणी चौकोन धरत."

"हिंमत आहे का कोणाची?" दादा स्वयंपाकघरातून म्हणाला. तो चहा गाळत होता आणि अर्धा ओट्यावर सांडत होता.

दादा म्हणजे धाकटीचा मोठा भाऊ. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून दमला आणि वेळेआधीच निवृत्त होऊन आईजवळ राहायला आला. "डॉक्टर लोक माणसाला नुसते वर पाठवतात, मी परत खालीही आणायचो," हा त्याचा ठेवणीतला विनोद. धाकटी त्याला दादा म्हणायची, पण आई त्याला मधला म्हणायची आणि बाबाही तसंच म्हणायचे. भावंडं दोनच, मग त्यातला मोठा तो मधला कसा, असं धाकटीने लहानपणी एकदा विचारलं होतं. "आई आणि तू, यांच्या मधला," बाबा म्हणाले होते आणि लगेच कॅमेऱ्याची काच पुसायला लागले होते. घरातल्या टोपणनावांना अर्थ असतोच असं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि दहा दिवसांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड मारून पाहिला होता. पडद्याची मधोमध झीज झाली आहे. समोर डाग दिसणार, कडेकडेने काही काळ दिसत राहणार, मग कडाही जाणार. "काय बघायचं असेल ते महिना-दीड महिन्यात बघून घ्या, आजी."

आईने जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. दोघांना वाटलं, आता समुद्र म्हणेल, डोंगर म्हणेल, दूरदेशीच्या नातवाला बोलवा म्हणेल. घरी पोचल्यावर ती चपला काढता काढता म्हणाली, "ह्यांनी काढलेले घरचे फोटो एकदा मोठे करून दाखवा. सगळे. पहिल्यापासून."

घरचे फोटो म्हणजे वर्षाचे फोटो. बाबांचा स्टुडिओ याच घराच्या खाली होता. आता तिथे कपडे इस्त्री करून मिळतात. स्टुडिओ उघडल्याच्या तारखेला बाबा दरवर्षी दुकान तासभर बंद ठेवत आणि सगळ्यांना खाली बोलवत. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, त्यात कधीच न हललेली होडी. फोटो धुण्याच्या औषधांचा आंबट वास. कॅमेरा तिपाईवर चढवून खटका दाबला की दहा सेकंद घरघर व्हायची आणि तेवढ्यात बाबा जमिनीवरच्या वायरी चुकवत, पोट सावरत धावत येऊन आपल्या जागी उभे राहायचे. एरवी मान वर करून न चालणारा तो माणूस धावला की धाकटीला हसू आवरायचं नाही. म्हणून दरवर्षीच्या फोटोत ती ओठ चावतानाच आलेली आहे.

धावण्याआधी मात्र बाबा एक गोष्ट न चुकता करायचे. आई आणि दादा यांच्या मधे येऊन हवेत हात आडवा धरायचे. तळवा खाली, एखाद्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"जरा सरका. इतकी जागा सोडा."

धंद्यातली सवय, असं सगळे म्हणत. ती होतीही. शाळेचा असो, ऑफिसचा असो, मोठ्या फोटोच्या दिवशी एखादा माणूस नसायचाच. कोणाला ताप, कोणाची गाडी चुकलेली. इतर फोटोग्राफर म्हणत, राहिला तो राहिला. बाबा रांगेत त्याच्या मापाची जागा सोडायला लावत, दिव्यांचा उजेडही त्या रिकाम्या जागेवर नीट पाडत, आणि नंतर त्या माणसाचा वेगळा फोटो काढून तिथे असा बेमालूम बसवत की पुढे त्या माणसालाच वाटे, आपण होतो की त्या दिवशी! कॉम्प्युटर आल्यावर कात्री गेली, माउस आला, पण पद्धत तीच राहिली. जागा रिकामी असेपर्यंत फाइल 'अपूर्ण' नावाच्या फोल्डरमध्ये. माणूस बसला की 'पूर्ण'मध्ये.

छापलेल्या फोटोंचे अल्बम पोटमाळ्यावर ओल लागून विटांसारखे घट्ट झाले होते. पान उलटायला जावं तर चेहऱ्याला चेहरा चिकटून यायचा. निगेटिव्हही त्याच ट्रंकेत गेल्या. उरलं ते बाबांनी वेळीच स्कॅन करून ठेवलेलं, आणि नंतरच्या काळात डिजिटल कॅमेऱ्याने काढलेलं. पण ते ज्या प्रोग्रॅममध्ये ठेवलं होतं तो बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. त्या फाइली आता एकाच ठिकाणी उघडत: बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यातला बाबांचा कॉम्प्युटर, जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला, सुरू करताना दमेकऱ्यासारखा खोकणारा. त्याची स्क्रीन वहीएवढी. त्यावर आईला डागाशिवाय काही दिसत नव्हतं.

धाकटीला हे काम नवं नव्हतं. ती एका छापखान्यात कामाला होती आणि दिवसभर तिच्या टेबलाशी एकच गाऱ्हाणं यायचं: फाइल उघडत नाही हो. कॉम्प्युटर तिला कोणी शिकवला नव्हता. चुकत चुकत, रागावून घेत घेत शिकली. फाइलच्या नावामागे ठिपका देऊन तीन अक्षरं असतात, त्याला ती फाइलचं आडनाव म्हणायची. नवशिके लोक ते आडनाव खोडून दुसरं लिहितात आणि फाइल आता उघडेल असं समजतात. "नुसतं आडनाव बदललं म्हणून परकं घर आपलं होतं का?" ती विचारायची. आत शिरून, एकेक ठिपका वाचून, तो नव्या भाषेत पुन्हा लिहावा लागतो. तेव्हा कुठे चार घरांत दारं उघडतात.

बाबांचा जुना फॉरमॅट वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने बऱ्याच शोधाशोधीनंतर मिळवला. कोणा भल्या माणसाने तो लिहून फुकट ठेवला होता. एक फोल्डर द्यायचा वाचायला, एक द्यायचा लिहायला, की तो एकामागून एक फाइल उचलून जेपीजी करायचा. जेपीजी टीव्हीलाही कळतं, फोनलाही कळतं, शेंबड्या पोरालाही कळतं.

पहिल्या आठवड्यात तिने 'पूर्ण'मधले फोटो केले. पडदे ओढून, दुपारी चारच्या सुमाराला, तिघं बघायला बसायची. टीव्हीभर गाव उलगडायचं. टपाल कचेरीतले लोक, शाळेच्या शिक्षिका, बॅडमिंटनचा संघ. आईला समोरचं दिसायचं नाही म्हणून ती मान कलती करून टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडे बघायची. "जे बघायचं त्याच्याकडे नाही बघायचं," तिने युक्ती सांगितली. "शेजारी बघायचं. मग ते आपणहून दिसतं." बोटं मात्र मांडीवरच्या सुयांशी चाललेली. जांभळ्या लोकरीचा स्वेटर होता, एक बाही झालेली. आता दिसेना म्हणून हाताच्या अंदाजाने चाललं होतं.

"छान आहेत," सगळं गाव बघून झाल्यावर ती म्हणाली. "घरचे कुठायत?"

घरचे फोटो 'पूर्ण'मध्ये नव्हतेच. ते 'अपूर्ण'मध्ये सापडले. बाकी सगळा फोल्डर बाबांनी जाण्याआधी रिकामा केला होता. कोणाचंही काम अडकवून ठेवलं नव्हतं. राहिल्या होत्या बावन्न फाइली. 'घर ०१' ते 'घर ५२'.

धाकटीने वाचायचा फोल्डर 'अपूर्ण' दिला. लिहायचा बदलायचा राहिला. तिथे आधीच्या कामाचा 'पूर्ण' होता, तोच राहिला. एवढ्यातेवढ्यासाठी कोण थांबतंय?

पहिला फोटो टीव्हीवर आला. बाबा काळ्याभोर केसांचे, आई अठ्ठावीस-तीसची, एक वर्षाचा दादा स्टुलावर, कोणी तरी चिमटा काढल्यासारखा. आई आणि दादा यांच्या मधे जागा. धाकटी अजून जगातच नव्हती.

आईच्या सुया थांबल्या.

ती नेहमीसारखी भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "किती लहान आहे."

"आहेच मी लहान," दादा म्हणाला. "पण नाक बघ, तेव्हापासून असंच."

"तू नाही."

दादाने पटकन रिमोट दाबला. दुसरा फोटो आला, तिसरा आला. धाकटी उठून टीव्हीजवळ गेली. मधल्या जागेत, तळ्याच्या रंगावर, एक मळकट डाग होता. जवळून चौकटी चौकटींचा, धुरकट, दादाच्या स्टुलाहून थोडा उंच.

तिने ते ताडलं. जेपीजी फाइल छोटी करताना चित्रातलं थोडं थोडं फेकून देतं, डोळ्याला जाणवणार नाही असं. फार फेकलं की कडांशी असे डाग पडतात. तिने घाईत शंभरातले साठ ठेवले होते. नव्वद ठेवले की डाग जाणार. छापखान्यात आठवड्यातून दोनदा ती हेच कोणाला तरी समजावते.

आपल्या घरी परत जाण्याआधी तिने बाबांच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल उघडून पाहिली. जागा स्वच्छ होती. तळं आणि होडीचं टोक.

दुसऱ्या दिवशी नव्वदवर केलेले फोटो लावले. डाग गेला नव्हता. त्याला कड आली होती. खाली फ्रॉकची झालर असावी तशी, वर गोलसर काही. सातव्या फोटोत कोपर होतं. कोपराला घडी होती.

"टीव्ही बिघडला," दादा म्हणाला. तो टीव्हीकडे बघतच नव्हता. चहाच्या कपाच्या कानात बोट घालून ते फिरवत बसला होता.

"कमी फेकलं तर डाग कमी व्हायला हवा, दादा. हा वाढतोय."

"मला तुझ्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं? मी दोरखंड आणि कप्पीवाला माणूस."

"तुला काही दिसतंय की नाही, एवढंच सांग."

"धाकटे, चहा निवतोय."

त्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला. सोळाव्या वर्षाच्या फोटोतला. त्या वर्षी दादाने थट्टेत कोपर फाकवून ती मधली जागा भरून टाकली होती. "कोण येणार आहे, बाबा? पाहुणा आहे का?" बाबांनी त्याच्या मुस्काटात दिली. जन्मातली एकच. मग कॅमेऱ्यामागे जाऊन पुष्कळ वेळ काळ्या फडक्यात डोकं घालून उभे राहिले. आईने तेव्हा फक्त हात थोडा बाहेरच्या बाजूला वाकवला, नेहमी वाकवायची तसा. आता सगळे फोटो ओळीने बघताना धाकटीला कळलं, तो हात दरवर्षी थोडा वर चढत गेला होता. पहिल्या फोटोत कमरेच्या खाली. विसाव्यात खांद्याशी.

छापखान्यात तिने 'घर १२' जरा मोठा करून उघडला. शेजारच्या टेबलावरची बांधणीवाली डिंकाची बोटं पुसत मागे येऊन उभी राहिली.

"माहेरचे वाटतं? गोड आलेत गं पाचही जण."

धाकटीने फोटो आणखी मोठा केला.

"मला वाटायचं तुम्ही दोघंच भावंडं," बांधणीवाली म्हणाली आणि आपल्या कामाला गेली.

पाच. धाकटीने स्क्रीनकडे बघितलं, मग आईची युक्ती आठवून स्क्रीनशेजारच्या खिडकीकडे बघितलं. डोळ्याच्या कडेला एक पंधरा वर्षांची मुलगी उभी होती. हिरवा स्वेटर, छातीवर पांढरा पट्टा.

तो स्वेटर धाकटीने पाहिलेला होता. अंगावर नाही, सुयांवर. आई दर हिवाळ्यात तीन स्वेटर विणायची. एक दादाचा, एक तिचा, आणि एक जो कोणालाच बसायचा नाही. "माप चुकलं," म्हणायची आणि उसवायला घ्यायची. धाकटी समोर बसून दोन्ही हात पुढे करायची आणि आई त्यांच्यावर लोकर गुंडाळत जायची. उसवलेली लोकर कुरळी असते, हाताला गुदगुल्या करते. दरवर्षी माप चुकायचं, आणि दरवर्षी ते दादाच्या मापाहून जरासं मोठंच असायचं. एवढी हुशार बाई, हिला एक माप कसं जमत नाही, असं तेव्हा वाटायचं.

संध्याकाळी तिने रंगकाकांना फोन लावला. रंगकाका म्हणजे काळ्यापांढऱ्या फोटोंच्या गालांवर गुलाबी रंग भरणारे बाबांचे जुने साथीदार. नव्वदीला आले होते. आवाज कागद चुरगळल्यासारखा.

"काका, बाबांचे वर्षाचे फोटो आठवतात?"

"अजून आहेत ते?"

"'अपूर्ण'मध्ये होते. तिथे कोणाला बसवायचं राहिलं होतं?"

"पोरी, ज्याचा फोटो असतो त्याला बसवता येतं. ज्याचा काढलेलाच नसतो, त्याची नुसती जागा सोडता येते. मी त्याला किती वेळा म्हटलं, बंद कर हे. म्हणायचा, जागा असली तर माणूस येतं." ते खोकले. "तू काय करते आहेस त्यांचं?"

"फॉरमॅट बदलतेय. आईला टीव्हीवर बघता यावेत म्हणून."

"आणि ठेवतेस कुठे?"

"'पूर्ण'मध्ये," ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिलाच ऐकू आलं.

काका म्हणाले, "बाकीचं मला विचारू नकोस. घरात विचारायला माणूस आहे तोवर विचारून घे." फोन ठेवला गेला.

विचारायचं ठरवून ती दोनदा आईकडे गेली आणि दोनदा औषधाच्या गोळ्या मोजून परत आली. काही घरांत काही प्रश्न फर्निचरसारखे असतात. सगळे त्यांना वळसा घालून चालतात आणि अंधारातही कोणाला ठेच लागत नाही. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "शेजारच्या आजी एकदा काही तरी बोलल्या होत्या. मी लहान होतो." मग म्हणाला, "आईला बघायचंय ना? दाखवून टाक. मागचं उकरू नकोस."

डॉक्टरांचा महिना भरत आला होता. आईचा उजवा डोळा पुरता गेला होता. डाव्याची कड उरली होती.

"धाकटे," ती म्हणाली, "अजून स्वच्छ नाही का होत?"

होत होतं. पीएनजी नावाचा फॉरमॅट काहीही फेकत नाही. जे आहे ते सगळं ठेवतो. फाइल मोठी होते, वेळ लागतो, एवढंच. धाकटीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने ते इतके दिवस का केलं नाही, हेही तिला माहीत होतं.

तिने वाचायचा फोल्डर दिला 'अपूर्ण'. लिहायच्या फोल्डरवर तिचा हात थांबला. दुसरं कुठलंही नाव देता आलं असतं. आईच्या खुर्चीकडे बघून तिने 'पूर्ण'च राहू दिला.

दुपारी चार वाजता तिने पडदे ओढले. दादा दाराशी उभा राहिला, बसला नाही. आईने खुर्ची तिरकी करून घेतली.

'घर ०१'.

आई आणि दादा यांच्या मधे चार वर्षांची एक मुलगी उभी होती. झालरीचा फ्रॉक, एक मोजा घसरलेला. आईचा वाकवलेला हात तिच्या खांद्यावर होता. नीट, जसा टेकायला हवा तसा टेकलेला.

धाकटीने रिमोट दाबला.

'घर ०५'. धाकटी दुपट्यात. ती मुलगी टाचा उंचावून तिच्याकडे बघत होती. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे.

'घर १६'. दादाचं फाकवलेलं कोपर. ती आईच्या बाजूला अंग चोरून उभी होती आणि हसत होती. दादाने दाराची चौकट धरली.

तिचे केस कापले गेले. पुन्हा वाढले. ती आईहून उंच झाली. निळा स्वेटर, पिवळा, रेघांचा. धाकटीच्या हातांवर गुंडाळून झालेली एकेक लोकर.

पस्तिसाव्यात तिला चष्मा लागला. चाळिसाव्यात केसांत पांढरी बट आली, बाबांच्या जिथे आली होती तिथेच.

'घर ५२'. बाबांचा शेवटचा. बाबा खुर्चीत, धावायची ताकद गेलेली. खटका दादाने दाबला होता. ती बाबांकडे झुकून उभी होती.

आईच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण चेहरा रडणाऱ्या माणसाचा नव्हता. गर्दीत आपलं माणूस सापडल्यावर होतो तसा होता.

"झाले," धाकटी म्हणाली. "बावन्न झाले, आई."

"अजून एक आहे," दादा म्हणाला.

टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात आकडा होता. ५२ / ५३.

धाकटी उठून बाबांच्या कॉम्प्युटरपाशी गेली. खोकत खोकत तो सुरू झाला. 'अपूर्ण' उघडला. तिने बोट लावून मोजलं. बावन्न. पुन्हा मोजलं.

तिच्या मागे दादाने रिमोट दाबला.

तळं. होडी.

बाबा उभे होते, आजारपणाच्या आधीचे, पोट सुटलेले. नुकतेच धावत आल्यासारखे. त्यांच्यापासून थोडी दूर ती होती, साठीच्या आत-बाहेरची. तिच्या अंगात जांभळा स्वेटर होता. त्याला एकच बाही होती.

धाकटीने आईच्या मांडीकडे बघितलं. सुया, जांभळी लोकर, एक बाही.

फोटोत दोघांच्या मधे जागा होती. बाबांचा हात त्या जागेवर आडवा धरलेला होता. तळवा खाली. फार उंच नाही. वयाने वाकलेली, आखडून लहान झालेली एखादी बाई उभी राहिली तर डोक्याला लागेल, इतक्यावर.

"बंद करू का?" दादाने विचारलं.

"राहू दे."

आईने मान वळवली, भिंतीकडून, हळूहळू, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ टीव्हीकडे बघितलं.

"दीड वर्षाची होऊन गेली," ती म्हणाली. "मी ह्यांना रोज म्हणायचे, तिचा एक फोटो काढा. हे म्हणायचे, घरचीच तर आहे, उद्या काढू."

दादा खाली बसला.

"ही तुमची थोरली," आई म्हणाली. तिने हात उचलला आणि बाबांच्या तळव्याखालच्या रिकाम्या जागेवर अचूक बोट ठेवलं. "आणि ही जागा माझी."